यकृतातली निरुपद्रवी गाठ

यकृतातल्या निरुपद्रवी गाठी बहुधा दुसरेच काही शोधताना सापडतात. वाईत पित्ताचे खडे पाहण्यासाठी उपाशीपोटी केलेल्या सोनोग्राफीत एखादा रेखीव पांढरा गोल दिसतो. तो 3 सेंटिमीटरहून लहान असेल आणि रुग्णाला कर्करोग, सिरॉसिस वा जुनी हिपॅटायटिस नसेल, तर तो बहुतेक वेळा हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा पुंजका असतो. अशा वेळी आधी घरातले जुने रिपोर्ट मागवावेत. काही वर्षांपूर्वी तीच गाठ तेवढीच असेल, तर अर्धे निदान तिथेच होते.

शंका उरली, तर साताऱ्याला किंवा पुण्याला सीटी वा एमआरआय करावा लागतो. तिथे सारी भिस्त वेळेवर असते. शिरेतून कॉन्ट्रास्ट दिल्यावर सुमारे 30 सेकंदांनी धमनीचा, 70 सेकंदांनी पोर्टल शिरेचा आणि 3 ते 5 मिनिटांनी उशिराचा टप्पा टिपतात. हिमँजिओमा कडेने तुटक ठिपक्यांत उजळून हळूहळू आत भरत जातो. एकाच टप्प्याचा सीटी हे दाखवू शकत नाही. रुग्णाचा हेलपाटा आणि पैसा दोन्ही वाया जातात. चिठ्ठीवर ‘तिन्ही टप्पे’ असे स्पष्ट लिहायलाच हवे.

फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया आणि ॲडिनोमा दोन्ही धमनीच्या टप्प्यातच उजळतात. पहिल्याला सहसा उपचार लागत नाहीत. दुसरा 5 सेंटिमीटरपुढे वाढला तर रक्तस्रावाचा धोका असतो. एमआरआयमध्ये यकृतपेशी शोषून घेतात असे कॉन्ट्रास्ट दिले, तर 20 मिनिटांनी पहिला उजळच राहतो, दुसरा बहुधा काळा पडतो. ॲडिनोमाचा संबंध गर्भनिरोधक गोळ्यांशी असतो, म्हणून त्यांविषयी स्त्रीरुग्णाला अवश्य विचारावे.

साधी पाण्याची गाठ पातळ भिंतीची, आतून स्वच्छ काळी दिसते. मेंढपाळ असलेल्या सातारा जिल्ह्यात मात्र हायडॅटिड, म्हणजे जंतांमुळे होणाऱ्या गाठीचा विचार आधी करावा. मेंढीची आतडी-काळीज खाल्लेल्या कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी माणसाच्या पोटात जातात. दुहेरी भिंत, आत पिल्लू-गाठी किंवा सुटून तरंगणारा पडदा या तिच्या खुणा. तिच्यात बेसावधपणे सुई घातली, तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते.

पित्तनलिकांसाठी एमआरसीपी, म्हणजे त्यांचा खास एमआरआय, उत्तम. यकृतभर विखुरलेल्या बारीक गाठी नलिकांना जोडलेल्या नसतील, तर त्या पित्तनलिकांचे हॅमार्टोमा असू शकतात. त्यांना हात लावू नये. मुख्य नलिकाच फुगलेली असेल, तर तो कोलेडोकल सिस्ट. त्यात पुढे कर्करोगाचा धोका असल्याने तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो.