समीकरणातला बाण

इथेनॉल अधिक ऑक्सिजन, मग बाण, मग कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. शाळेच्या फळ्यावर हे एका ओळीत मावतं. माझी पीएचडी त्या बाणावर आहे.

बाणाच्या पोटात शेकडो अभिक्रिया असतात. त्या पाहायच्या तर आधी ज्योत जाड करावी लागते. एरवी तिचा निळा थर मिलिमीटरभरही नसतो. पंपाने दाब वातावरणाच्या पंचविसाव्या हिश्श्यापर्यंत उतरवला की तो काही मिलिमीटर फुगतो. मग क्वार्ट्झचा शंकू त्यात घालायचा. टोकाच्या बारीक छिद्रातून वायू निर्वातात शिरतो, रेणू एकमेकांवर आदळायचे थांबतात आणि अभिक्रिया होती तिथेच थिजते. बर्नर किंचित वरखाली करत ज्योतीचा थर न् थर असा वाचत जायचा. या कामाचा मला कधी कंटाळा आला नाही.

हा वायू पुढे मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो. तो रेणूचं वजन सांगतो, घडण नाही. 44 वर रेघ उमटली, तर तो कार्बन डायऑक्साइड असेल, अ‍ॅसिटाल्डिहाइड असेल किंवा व्हायनाइल अल्कोहोल. पहिला अधिक काटेकोर वजनाने वेगळा पडतो. उरलेल्या दोघांत अणू तेच आणि तेवढेच. तिथे सिंक्रोट्रॉनचा प्रकाश लागतो: व्हायनाइल अल्कोहोलचा इलेक्ट्रॉन 9.33 इलेक्ट्रॉनव्होल्टला सुटतो, अ‍ॅसिटाल्डिहाइडचा 10.23 ला. प्रकाशाची ऊर्जा या दोहोंच्या मध्ये ठेवली की एकच बोलतो. याच रीतीने 2005 मध्ये, साध्या इंधनांच्या ज्योतींतही व्हायनाइल अल्कोहोलसारखे रेणू, म्हणजे ईनॉल, सर्रास असतात हे उघड झालं. तोवरच्या प्रचलित प्रारूपांत त्यांना जागाच नव्हती.

घडणीला इतकं महत्त्व का? डायमिथाइल ईथरचं रेणुसूत्र इथेनॉलचंच. पण त्यात ऑक्सिजन दोन कार्बनच्या मधोमध बसतो, कार्बन-कार्बन बंधच नाही. म्हणून काजळी जवळजवळ धरत नाही आणि डिझेल इंजिनात दाबाने चटकन पेटतं. इथेनॉल तसं पेटायला नाखूश, म्हणूनच ते पेट्रोलमध्ये चालतं. मात्र त्याच्या ज्योतीत अ‍ॅसिटाल्डिहाइड भरपूर तयार होतं, आणि ते आरोग्याला घातक आहे.

तापलेलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यातलं बहुतेक संपवतं. गार इंजिन सुरू होतानाच्या धुराचं तसं नाही. आज आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात महाराष्ट्राच्या उसाचाही वाटा आहे आणि मला ते इंधन हवंच आहे. पण पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात, अ‍ॅल्डिहाइड नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचं अ‍ॅल्डिहाइडही नियमित मोजलं जावं, आणि ते आकडे लोकांपुढे यावेत.