दहा टक्के कमी

माझ्या मामूचा मुलगा एका डोळ्याने अजिबात बघत नाही, दुसऱ्याने जेमतेम. त्याच्या प्रमाणपत्रावर ७० टक्के लिहिलेलं आहे. केंद्र सरकारच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनला दारिद्र्यरेषेखाली असावं लागतं आणि किमान ८० टक्के अपंगत्व लागतं. तो हसत म्हणतो, "भाई, दस टक्का कम अंधा हूँ मैं, इसलिए पैसे नहीं."

पैसे म्हणजे किती? महिन्याला ३०० रुपये. २००९ साली ही योजना आली तेव्हा २०० होते, २०१२ मध्ये ३०० झाले आणि तिथेच थांबले. दरम्यान 'अपंग' शब्द जाऊन 'दिव्यांग' आला. रक्कम मात्र जुन्याच नावाने नांदते आहे.

हे सगळं मी उगाच खोदत बसलो नाही. त्याला एम.ए.नंतर पुढे शिकायला मीच भरीला घातलं होतं. मामूचं सायकल-पंक्चरचं दुकान, मामी शिवणकाम करणारी. मामू म्हणत होता, "एखादी नोकरी बघ, डोळ्याचं कोट्यात लागून जाईल." मी मध्ये पडलो. म्हटलं, मामू, मौलाना आझाद फेलोशिप आहे, नेट झाला की पीएच.डी.ला महिन्याला ३१ हजार मिळतात. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. मोबाइलच्या आवाजावर पुस्तकं ऐकून, बहिणीकडून नोट्स वाचून घेऊन त्याने नेट दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये निकाल लागला. जेआरएफ थोडक्यात हुकली, पण पात्र ठरला. अल्पसंख्याक फेलोशिपची यादी निघेल, याच आशेवर आम्ही होतो.

८ डिसेंबर २०२२ ला लोकसभेत एका प्रश्नाला उत्तर देताना तेव्हाच्या अल्पसंख्याक मंत्री स्मृती इराणी यांनी सांगितलं की, ही फेलोशिप २०२२-२३ पासून बंद करण्यात येत आहे. कारण असं की, ती इतर फेलोशिप योजनांशी जुळते. ज्यांना आधीच मिळत होती त्यांची चालू राहील. म्हणजे दारात उभ्या असलेल्यांसाठी दार बंद. मामूला हे मी फोनवर सांगितलं नाही. घरी जाऊन सांगितलं. तो काही बोलला नाही, फक्त पंप उचलून दुकानाच्या आत ठेवला.

तेव्हापासून मला संसदेचे कागद वाचायची सवय लागली. त्यातून एक गोष्ट समजली, ती अजून डोक्यातून जात नाही. संसदेत खात्यांवर नजर ठेवणाऱ्या २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ खासदार. अर्थसंकल्प आला की मधल्या सुट्टीत त्या अनुदानाच्या मागण्या तपासतात. सभागृहात तर बहुतेक खात्यांच्या मागण्या चर्चेविनाच एका झटक्यात मंजूर होतात. त्याला तिथे गिलोटिन म्हणतात, नाव अगदी चपखल आहे. त्यामुळे खरी चौकशी झाली तर समितीत. आता माझ्या मामेभावाचंच बघा. त्याची ३०० रुपयांची पेन्शन ग्रामविकास समितीकडे. त्याचं विद्यापीठ, यूजीसी शिक्षणाच्या समितीकडे. तो अपंग आहे आणि तो मुसलमान आहे, या दोन्ही गोष्टी सामाजिक न्याय समितीकडे. माणूस एक, टेबलं तीन.

समिती गप्प बसते असं मात्र नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. ही रक्कम तुटपुंजी आहे, ती वाढवा, असं ग्रामविकास समितीने अनेकदा लिहिलंय. समितीत सत्ताधारी खासदारही असतात, तरी लिहिलंय. सरकार उत्तर देतं, मग समिती 'केलेल्या कार्यवाहीचा अहवाल' काढते. त्याची प्रकरणं ठरलेली असतात: दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात सरकारचं उत्तर समितीला पटलं नाही त्या, पाचव्यात अंतिम उत्तर यायचं बाकी आहे त्या. चौथ्या प्रकरणात गेलेल्या शिफारशीचं पुढे काय? काही नाही. शिफारस बंधनकारक नसते.

राज्याचं थोडं बरं आहे. संजय गांधी निराधार योजनेत ४० टक्क्यांवर काम होतं, म्हणून त्याला ती मिळते. २०२३ पासून १५०० रुपये होते. २०२४ ला लाडकी बहीण आली आणि मामीच्या खात्यातही १५०० जमा झाले. मामी खूश. म्हणाली, "अब माँ-बेटा बराबर." मी तेव्हा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा काढून बसलो होतो. कलम २४ म्हणतं, अपंगांची मदत तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. हिशेबाने त्याला १८७५ यायला हवे होते. 'तशीच योजना' कुठली यावर वकील भांडतील, भांडू देत. २०२५ मध्ये आंदोलनं झाली आणि दिव्यांगांची रक्कम २५०० झाली. ती रस्त्यावर बसलेल्या माणसांनी वाढवून घेतली, हे विसरून चालणार नाही.

फेलोशिपचं तसं झालं नाही. अपंगांसाठीची वेगळी राष्ट्रीय फेलोशिप आहे, देशभरात वर्षाला २०० जणांना. त्या यादीत त्याचं नाव आलं नाही. दोन योजना जुळतात म्हणून एक बंद केली, तर दुसरीच्या जागा तरी वाढवायच्या, एवढं साधं गणित कुणी केलं नाही का?

आता तो एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. मानधन कधी दिवाळीनंतर येतं, कधी परीक्षेनंतर. पीएच.डी.ची नोंदणी त्याने सोडलेली नाही, फी मी भरतो. तो घ्यायला तयार नव्हता. मी म्हटलं, हे उपकार नाहीत, माझ्या चुकीच्या सल्ल्याचा हप्ता आहे.

परवा नवीन अहवाल आला की मी त्याच्याकडे गेलो. त्याच्या फोनमधली बाई मजकूर वाचते, पण तक्ते आले की आकडे एकात एक मिसळते. म्हणून ती पानं मी वाचून दाखवतो. चहा पितापिता त्याने विचारलं, "भाई, चौथा चॅप्टर इस बार कितने पन्नों का है?"

मी पानं मोजू लागलो.