अडुसष्ट बटणांसाठी नगरला

पुण्यामुंबईच्या मंडळींना नगर माहीत असते ते वाटेवरचे गाव म्हणून. शिर्डीला जाताना, शिंगणापूरला जाताना, संभाजीनगरकडे जाताना एस. टी. तेथे थांबते. खाली उतरून चहा घ्यायचा, पाय मोकळे करायचे आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसायचे, एवढाच बहुतेकांचा नगरशी संबंध! वास्तविक हे काही आजकालचे गाव नव्हे. १४९० साली मलिक अहमद निजामशहाने ते वसवले. चांदबिबीने मोगलांशी झुंज घेतली ती येथे. नेहरू, पटेल, मौलाना आझाद या मंडळींना इंग्रज सरकारने १९४२ च्या ऑगस्टात आणून ठेवले तेही येथल्याच भुईकोट किल्ल्यात. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा जाडजूड ग्रंथ नेहरूंनी १९४४ साली, पाचएक महिन्यांत, त्या किल्ल्यातच हाताने लिहून काढला. २०२४ साली शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जामखेड तालुक्यातले चौंडी हे अहिल्याबाईंचे जन्मगाव, तेव्हा नाव जिल्ह्याच्या लेकीचेच आहे. तोंडात मात्र अजून ‘नगर’च येते, त्याला इलाज नाही.

अशा या नगरला मुद्दाम जाण्याचा योग मला यंदा आला. कारण ऐकाल तर हसाल. संगणकाचा एक कीबोर्ड घ्यायचा होता! लहानसा, स्वस्तातला आणि खेळाला चालेल असा.

माझा धाकटा भाऊ पारनेर तालुक्यात शेती करतो. त्याचा मुलगा नगरच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. मुलगी पदवीधर होऊन लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी धडपडते आहे. त्या जागेला मराठीत मिनिटाला तीस शब्दांचा दाखला लागतो आणि त्याची परीक्षा हल्ली संगणकावर होते. घरात संगणक एकच. त्यावर दिवसा बहीण टंकलेखन करणार आणि रात्री भाऊ मित्रांबरोबर बंदुकांचा खेळ खेळणार. जुन्या कीबोर्डाचे लांब बटण दाबले की दाबलेलेच राही. त्यामुळे बहिणीचे शब्द एकमेकांपासून कोसभर दूर जाऊन पडत आणि भावाचा शिपाई शत्रूसमोर उड्या मारीत बसे.

पुतण्याने सुटीत कांदा निवडून, चाळीत भरून अडीच हजार रुपये साठवले होते. पैसे त्याचे, तेव्हा निवडही त्याचीच. मला बोलावणे आले ते मी तीस वर्षे सरकारी कचेरीत गोदरेजच्या टाइपरायटरवर काढली म्हणून. पहिला भारतीय टाइपरायटर गोदरेजने १९५५ साली काढला आणि २००९ साली तो कारखाना बंदही झाला. आमच्यासारखी माणसे तेवढी उरली.

शिरूर मागे पडले, घोड नदीचा पूल ओलांडला, की नगर जिल्हा लागतो आणि जमिनीचा रंगच पालटतो. हा पर्जन्यछायेचा मुलूख. मोकळी माळराने, दगडी बांध, मधूनच एखादे शेततळे. येथे माणूस उपजतच हिशेबी होतो, कारण पाऊसच त्याला मोजून मिळतो. नगरजवळच्या हिवरे बाजारची कीर्ती तुम्ही ऐकली असेल. वर्षाचा पाऊस मोजायचा, माणसांना व गुरांना पाणी किती लागेल ते आधी काढून ठेवायचे आणि उरेल त्यात पिके बसवायची, असा त्या गावाचा शिरस्ता. ऊस-केळीसारख्या पाणी पिणाऱ्या पिकांना तेथे थारा नाही. सुप्याला माझ्या शेजारी येऊन बसलेल्या पुतण्याने वहीतला कागद काढून दाखवला, तेव्हा मला हिवरे बाजारच आठवले. कागदावर लिहिले होते : ‘काय पाहिजेच. काय असले तर बरे. काय नको.’

“काका, पूर्ण कीबोर्डाला एकशेचार बटणं असतात,” तो सांगू लागला. “उजवीकडचे आकडे काढले की सत्याऐंशी. वरची ‘एफ’ची ओळ नि मधला पसारा काढला, पण बाणाची बटणं ठेवली की अडुसष्टच्या आसपास. बाणही काढले की एकसष्ट.”

“पण पैसे देऊन बटणे कमी का घ्यायची?” मी विचारले.

त्याचे उत्तर ऐकण्यासारखे होते. या खेळात डावा हात बटणांवर आणि उजवा माउसवर. नेम धरताना माउस टेबलावर वीतभर इकडून तिकडे फिरवावा लागतो. आमच्या भावाकडचे टेबल म्हणजे शिवणयंत्राचे जुने टेबल. त्यावर एकशेचार बटणांचा तराफा ठेवला की माउसला जागा उरते चार बोटे! म्हणजे बटणे कमी करून हा मुलगा जमीन वाढवीत होता. शेतकऱ्याचा मुलगा खरा.

‘मेकॅनिकल’ का हवा, तेही त्याने समजावले. स्वस्तातल्या साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली रबराचे एकच कातडे पसरलेले असते. बटण तळापर्यंत दाबावे तेव्हा कुठे अक्षर उमटते. रबर थकले की सगळेच थकते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र डबी असते. तिच्यात स्प्रिंग आणि धातूची पट्टी. बटणाचा प्रवास साधारण चार मिलिमीटरचा, पण दोन मिलिमीटरवरच काम होऊन जाते. चेरी नावाच्या जर्मन कंपनीने १९८०च्या दशकात ही डबी रूढ केली. तिच्या पेटंटाची मुदत संपल्यावर चिनी कारखान्यांनी तशाच डब्या करायला घेतल्या. म्हणून तर एके काळची ही चैन आज दीड-दोन हजारांत कांदे निवडणाऱ्या मुलाच्या आवाक्यात आली.

पुतणी आम्हाला स्थानकावर भेटली. नगरात तिचा टंकलेखनाचा वर्ग असतो. कापड बाजारातली गर्दी, चितळे रोडवरची भाजी, दिल्ली दरवाजा असे करीत आम्ही रिक्षाने सावेडीला पोचलो. जुने नगर दगडी आणि दाट आहे. सावेडी म्हणजे नवे नगर, रुंद रस्त्यांचे, शिकवण्यांच्या पाट्यांचे. तेथल्या एका लहानशा दुकानात मालकाने आमच्यासमोर तीन खोकी मांडली : एकसष्ट बटणांचा अठराशेला, अडुसष्टचा तेवीसशेला आणि सत्याऐंशीचा एकोणतीसशेला. तिन्हींत सप्तरंगी दिवे.

“दिवे नसलेला नाही का?” मी विचारले.

“साहेब, हल्ली दिव्याशिवाय येतच नाही,” दुकानदार म्हणाला. दिवाळी त्यांच्याकडे बारमास!

सत्याऐंशीचा पैशांमुळेच बाद झाला. पुतण्याची नजर एकसष्टवर होती. जागा जास्त, वर सातशे रुपये शिल्लक. पुतणी काही बोलली नाही. तिने नुसती त्यावर बोटे ठेवून पाहिली. मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत बहुतेक स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. तिला लागणारी सगळी अक्षरे त्या एकसष्टात होती. नव्हते ते बाण. चुकलेल्या अक्षरापर्यंत मागे जायचे तर एक बटण दाबून धरून दुसरे दाबायचे. “सवयीनं जमेल,” ती म्हणाली. बायकांच्या या ‘जमेल’चा अर्थ लग्न झालेल्या वाचकांना मी सांगायला नको.

पुतण्याने खोके बाजूला सारले आणि अडुसष्टचा ओढून घेतला.

मग प्रश्न आला डबीच्या रंगाचा. हे रंग शोभेचे नसतात, स्वभावाचे असतात. निळी डबी दाबताच टक् असा आवाज करते. पुतणीचा चेहरा एकदम उजळला. “काका, हे क्लासच्या जुन्या मशिनीसारखं वाजतं!” माझ्याही बोटांना जुनी ओळख पटली. पण घरात खोली एक आणि पडवी एक. आमच्या मातोश्री ऐंशी ओलांडलेल्या, त्यांची झोप मांजराच्या पावलाने मोडणारी. निळा बाद.

लाल डबी म्हणजे सरळ उतार. मध्ये कुठेही अडखळा नाही, आवाज बेताचा. खेळणारे बहुधा हीच घेतात. पुतण्याच्या कागदावर ‘काय पाहिजेच’ या खाली पहिला शब्द होता ‘लाल’. पण टंकलेखन करणाराचे बोट त्यावर नुसते टेकले तरी अक्षर उमटते. पुतणीने एक परिच्छेद लिहून पाहिला तर तीन ठिकाणी मात्रा दुप्पट झाल्या. तपकिरी डबी या दोघींच्या मधली. टक् करीत नाही, पण अर्ध्या वाटेवर बोटाला हलकासा उंचवटा लागतो. अक्षर उमटले, आता पुढे चल, असे बोटालाच कळते. पुतणीने त्यावर तोच परिच्छेद लिहिला. चूक एकही नाही.

पुतण्या माझ्याकडे वळला. “तपकिरीवर पण चांगलं खेळता येतं, काका. आमच्यातले बरेच जण वापरतात.” मी त्या कागदाकडे पाहिले. त्याने तो घडी करून खिशात घातला होता.

दुकान सोडण्यापूर्वी त्याने दोन परीक्षा घेतल्या, त्या येथे सांगतो, कोणाच्या घरी उपयोगी पडतील. एक, चार-पाच बटणे एकाच वेळी दाबून धरायची आणि पडद्यावर सगळी उमटतात का पाहायचे. बटणे आत आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात. हलक्या मालात तीन बटणे एकदम दाबली की तिसरे हरवते, नाही तर न दाबलेले चौथेच उमटते. दुसरी परीक्षा म्हणजे डबी चिमट्याने उपटून पुन्हा बसवता येते का. येत असेल तर एखादी बिघडली तरी तेवढीच बदलावी, अख्खा कीबोर्ड टाकू नये. तार निघणारी असावी, हेही तो म्हणाला, कारण आधी तुटते ती तारच.

उपटता येणाऱ्या डबीचे महत्त्व मला पुतणीने दाखवले. खेळात पुढे-मागे, डावीउजवीकडे धावायला जी चार बटणे लागतात, त्यांवरच इनस्क्रिप्टमध्ये ऐ, ओ, ए या मात्रा आणि अक्षराचा पाय मोडायची खूण बसते. म्हणजे भाऊ रात्री जेथून धावणार, तेथेच बहीण दिवसा मात्रा देणार. झिजणार ती हीच चार! माझ्या काळच्या टाइपरायटरवर बऱ्याच अक्षरांचे उलटे असे. आधी अर्धे अक्षर मारायचे आणि मग त्याला काना जोडून ते पुरे करायचे. आता अक्षर पुरे येते आणि हवे तेव्हा त्याचा पाय मोडायचा. “याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी उतरून घेतली गेली,” मी म्हणालो, “पण सच्चिदानंदबाबांना मिनिटाला तीस शब्दांचा दाखला कोणी मागितला नाही.” पुतणी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी.

पैसे मोजून उरले दोनशे. त्यांतून बटणांवर डकवायच्या मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या आल्या. पुतणीला त्यांची गरज नव्हती. पुतण्या म्हणाला, असू देत, घरात आणखी माणसे आहेत.

संध्याकाळी गावी पोचलो. शिवणयंत्राच्या टेबलावर कीबोर्ड मांडला, तेव्हा शेजारी माउसला चांगली हातभर जागा उरली. पुतणीने घड्याळ लावून लिहिले. अठ्ठावीस शब्द आले. परीक्षेला महिना होता. मग नेप्तीच्या बाजाराहून भाऊ परत आला. हात धुऊन, पंच्याला पुसून, तो उगाच जवळ येऊन उभा राहिला. लेकीने त्याला खुर्चीवर बसवले. कांद्याच्या सालीने रापलेले त्याचे जाड बोट एकेका चिकटपट्टीवर फिरत राहिले. क, काना, अनुस्वार, द, काना. पाच बटणांत ‘कांदा’ हा शब्द पडद्यावर उभा राहिला.

त्याने तो दोनदा वाचला. मग वरच्या आकड्यांच्या ओळीकडे बोट करून लेकाला म्हणाला, “आता याच्यापुढं भाव लिही. आजचा नको, आपल्याला पाहिजे तो लिही.”