खिडकी बसली

सकाळपासून यंत्रमागांची खडखड ऐकत अंगणातल्या शिडाच्या होडीवर काम केलं. जुन्या बाजारातून आणलेली ब्राँझची कडी चिंच-मिठाने घासली. हिरवा थर उतरला आणि खालचा तांबूस रंग उजळला. पितळेतलं जस्त खारं पाणी खाऊन टाकतं. तांबं-कथिलाचं ब्राँझ मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

दुपारी होडीला अ‍ॅक्रिलिकची खिडकी बसवली. अ‍ॅक्रिलिक उन्हात फुगतं, म्हणून भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी पाडली. सीलंट भरपूर लावून स्क्रू हलकेच आवळले. सगळं पिळून बाहेर आलं, तर पाणी आत शिरणारच.

१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि कल्याणच्या खाडीकाठी स्वराज्याची जहाजं घडू लागली. ते आठवलं आणि हात आणखी जपून चालला.