दोष कोणाचा?

घरांत एखादी वस्तु बिघडली कीं, जिचा हात तिला शेवटीं लागला ती व्यक्ति अपराधी, असा निकाल बहुतेक कुटुंबांत साक्षीपुराव्यावांचून लागतो. कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास एकच गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फांदी तोडली असें ठरत नाहीं. आपल्या पूर्वजांनीं यास ‘काकतालीय न्याय’ असें नांवही देऊन ठेविलें आहे. परंतु शास्त्र पोथींत राहतें आणि कावळा मात्र दोषी ठरतो. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एका संगणकावरून असाच प्रसंग उद्भवला.

आम्हां दोघां बंधूंचीं कुटुंबें एकत्र राहतात. विजेच्या चढउतारानें माझ्या नातवाच्या संगणकाचा मदरबोर्ड निकामी झाला. संगणकाचे सर्व भाग जिच्यावर बसतात आणि जिच्या द्वारें एकमेकांशीं व्यवहार करितात, ती मोठी फळी म्हणजे मदरबोर्ड. माझ्या बंधूंचा नातू अभियांत्रिकी शिकतो. त्यानें जुन्या प्रोसेसरास जुळेल असा नवा बोर्ड आणून एका रविवारीं तो स्वहस्तें बसविला. संगणक सुरू झाला आणि सर्वांस आनंद झाला. परंतु धाकट्यानें आपला आवडता खेळ उघडला तों चित्र अडखळूं लागलें. पूर्वीं पडद्यावर सेकंदास सुमारें ११० चित्रें, म्हणजे फ्रेम, उमटत असत. आतां जेमतेम ६० उमटूं लागलीं.

“दादानें कांहीं तरी बिघडविलें,” असें धाकटा म्हणाला. “तुझें ग्राफिक्स कार्डच जुनें झालें आहे, नवें घे,” असें थोरल्यानें उत्तर दिलें. नव्या कार्डाची किंमत तीस हजारांच्या घरांत. सूनबाईंचें मत असें पडलें कीं, या निमित्तानें खेळच बंद झाला तर बरें. मला त्या खेळांत रस नाहीं. परंतु एका पंक्तीस बसून दोघे भाऊ चार दिवस एकमेकांशीं अवाक्षर बोलत नाहींत, हें मला पाहवेना.

पांचव्या दिवशीं मीं दोघांस बोलाविलें आणि पुढें एक वही ठेविली. अट एकच घातली: एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, प्रत्येक बदलानंतर तोच खेळ, तोच देखावा चालवावयाचा आणि आंकडा वहींत लिहावयाचा. कारण असतां कार्य असणें हा अन्वय. कारण नसतां कार्य नसणें हा व्यतिरेक. हे दोन्ही जुळल्यावांचून कारण सिद्ध होत नाहीं. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ वाचणाऱ्या विद्यार्थ्यास हें धूर आणि अग्नि यांच्या दृष्टान्तानें शिकवितात. येथें यंत्र समोर होतें, एवढाच फरक.

प्रथम पडद्याची तार पाहिली. ती कार्डाऐवजीं बोर्डाच्या खांचेंत लागली, तर कार्ड रिकामें बसून राहतें. आमची तार योग्य जागीं होती. नंतर उष्णता पाहिली. बोर्ड बदलतांना प्रोसेसरावरील पंखा काढावा लागतो. तो पुन्हां नीट टेकला नाहीं, किंवा मधला उष्णतावाहक लेप नव्यानें लाविला नाहीं, तर प्रोसेसर तापतो आणि ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास बहुधा आपण होऊन वेग कमी करितो. आमचा पारा ७५ च्या वर गेला नाहीं. पुढें नव्या बोर्डाच्या चिपसेटाचा ड्रायव्हर घातला. आंकडा दोन-तीनांनींच हालला.

मग टास्क मॅनेजर उघडून खेळ चालू असतां ग्राफिक्स कार्ड किती राबतें तें पाहिलें. तें निम्मेंच राबत होतें. खेळांत फ्रेमांची मर्यादा घातलेली नाहीं, याचीही खात्री करून घेतली. कार्ड दुर्बळ असतें, तर तें शंभराच्या जवळ राबतांना दिसलें असतें. अर्थात् तें दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत होतें. तीस हजारांचें नवें कार्डही तेथें वाट पाहतच बसलें असतें!

त्याच ठिकाणीं रॅमचा वेग २१३३ दिसला. रॅमच्या दोन्ही पट्ट्यांवर मात्र ३२०० छापलेलें होतें. पेटी उघडली तों चार खांचांपैकीं लगतच्या दोन खांचांत त्या बसविलेल्या आढळल्या. प्रोसेसरापासून रॅमकडे दोन मार्ग जातात. चार खांचांच्या बहुतेक बोर्डांवर दोनच पट्ट्या असतील, तर त्या प्रोसेसरापासून दुसऱ्या आणि चौथ्या खांचेंत बसवाव्या लागतात. लगत बसविल्या कीं बहुधा दोघींस मिळून एकच मार्ग उरतो. मुलांनीं हिशेब मांडला. एका मार्गानें दर खेपेस ८ बाइट जातात. सेकंदास २१३३ दशलक्ष खेपा धरल्या, तर सुमारें १७ जीबी होतात. दोन मार्गांनीं ३२०० दशलक्ष खेपा झाल्या, तर ५१.२ जीबी. म्हणजे यंत्रास एक-तृतीयांश शिध्यावर दिवस काढावे लागत होते.

पट्ट्यांच्या जागा बदलल्या; आंकडा ८५ वर गेला. बायोसमध्यें जाऊन एक्सएमपी ही निवड चालू केली. आंकडा ११२ झाला. वहींत तो लिहितांना धाकट्याचा हात थरथरत होता.

आतां २१३३ हा वेग आला कोठून? पट्टीच्या अंगीं असलेल्या वेगाची नोंद पट्टीवरच्याच एका लहानशा चिपमध्यें असते. ती नोंद मानावी, अशी आज्ञा मात्र बोर्डास द्यावी लागते. जुन्या बोर्डास ती पूर्वींच दिलेली होती आणि ती त्याच्याबरोबरच गेली. नव्या शाळेंत आलेल्या हुशार मुलाचा दाखला कोणी पाहिला नाहीं, तर त्यास सुरक्षित म्हणून खालच्याच वर्गांत बसवितात. तसेंच हें झालें. मुलाची बुद्धि उणी झालेली नसते.

थोरल्यानें बोर्डाच्या माहितीपुस्तकांतील खांचांचें चित्र उघडलें आणि तो शांतपणें म्हणाला, “खांचा मीं चुकविल्या.” त्यावर धाकटा म्हणाला, “पण दादा, बाकीचें सगळें तूंच बरोबर बसविलेंस.” त्या रात्रीं पंक्तींत इतकी बडबड झाली कीं, आमच्या वहिनींस दोघांस दटावावें लागलें.

ज्यांच्या घरीं असा बदल करावयाचा असेल, त्यांनीं जुना बोर्ड चालू असतांनाच बायोसमधील निवडींचीं आणि खांचांचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. तो अकस्मात् बंद पडला असेल, तर नव्या बोर्डाचें माहितीपुस्तक प्रथम वाचावें आणि पहिल्याच संध्याकाळीं तार, उष्णता, खांचा व रॅमचा वेग हीं चार ठिकाणें पाहून घ्यावीं. या तपासणीस दोन तास लागतात आणि खर्च कांहींच येत नाहीं. दुकानाची वाट त्यानंतर धरावी. आणि घरांतील माणसावर ठपका ठेवणें तर त्याहूनही पुढें ढकलावें.