अण्णांची वेळ

आमच्या घरात एक तबकडी छप्पन्न वर्षे होती आणि तिची दुसरी बाजू कोणीच ऐकलेली नाही अशी आमची सर्वांची समजूत होती. ती समजूत गेल्या दिवाळीत खोटी ठरली, त्याची ही हकीकत.

तबकडीचे नाव ‘राग जॅझ स्टाइल’. शंकर-जयकिशन या जोडीने १९६८ साली मुंबईत ती केली. एरवी सिनेमाला संगीत देणाऱ्या या दोघांनी अकरा राग घेतले, रईस खाँसाहेबांच्या हाती सतार दिली आणि तिच्याभोवती सॅक्सोफोन, ट्रंपेट, पियानो, विजेची गिटार आणि ड्रम असा सगळा जॅझचा गोतावळा मांडला. लंडनला जॉन मेयर आणि जो हॅरियट यांनी दोनच वर्षे आधी असा एक प्रयोग केला होता. जॉन मॅक्लॉफ्लिन यांचा ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ आणि जॅझ-रॉकचा गाजावाजा पुढे १९७१ च्या सुमारास झाला. म्हणजे आपली मुंबई या बाबतीत मागे नव्हती. कशी असणार? तिथे गोव्याचे वादक दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात वाजवीत आणि रात्री हॉटेलात जॅझ वाजवीत. एकाच माणसाच्या बोटांत दोन्ही गोष्टी नांदत होत्या.

आष्टीला ही तबकडी आणली दादाने, १९६९ च्या दिवाळीत. तो तेव्हा मुंबईला नोकरीला लागला होता. पहिल्या बोनसमधून त्याने आईला पातळ, मला फटाके आणि अण्णांसाठी ही तबकडी आणि बॅटरीवर चालणारा रेकॉर्ड-प्लेअर आणला. अण्णा शाळामास्तर. निजामाच्या अमदानीत हैदराबादला शिकलेले आणि तिथेच गाण्याचा कान तयार झालेला. मारुतीच्या देवळातल्या भजनाला पेटी त्यांचीच. हे शंकरजी मूळचे हैदराबादचे, एवढ्या एका गोष्टीवर अण्णा खूष होतील अशी दादाची अटकळ होती.

रात्री जेवणे झाल्यावर दादाने सुई टेकवली. पहिली तोडी. अण्णा म्हणाले, “रात्री नऊ वाजता तोडी? वाजवणाऱ्यांना झोप येत असावी.” आम्ही हसलो. दुसरा भैरव निघाला तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. तिसरा मालकंस. ड्रम वाजू लागले आणि अण्णा उठले. “हा मालकंस आहे की लग्नाची वरात?” असे म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने सुई उचलली.

दादा म्हणाला, “अण्णा, जग पुढे चाललंय.”

“चालू दे. फक्त चपला घालून देवघरातून जाऊ नको म्हणावं त्याला.”

वाक्य फर्मास होते आणि तेच नडले. दादा भाऊबीजेचीही वाट न पाहता मुंबईला परतला. पुढे तो येई, जाई, पैसे पाठवी, आजारपणात धावे. पण बापलेकांत गाण्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. रेकॉर्ड-प्लेअर आणि तबकडी आष्टीलाच राहिली. अण्णा गेले, आई गेली. दादा ऐंशीचा झाला.

गेल्या दिवाळीत तो नगरहून रेल्वेने आला. आष्टीला २०२२ साली रेल्वे आली, तिचे त्याला भारी कौतुक. माळा आवरताना माझ्या मुलाला तबकडी सापडली. त्याने कुठून तरी चालू प्लेअर पैदा केला. मी तबकडी काढली आणि आतल्या कागदी पाकिटावर अण्णांचे अक्षर दिसले. पेन्सिलीचे, बारीक, शाळेच्या हजेरीपटासारखे सरळ. अकरा रागांची नावे आणि प्रत्येकापुढे एकेक वेळ. भैरव, पहाट. बैरागी, सकाळ. तोडी, नऊनंतर. मिश्र पिलू, ऊन कलल्यावर. अण्णांनी तबकडी ऐकली होती. अकराही राग ऐकले होते आणि प्रत्येक आपापल्या वेळेला!

दादा बराच वेळ पाकीट हातात धरून बसला. मग म्हणाला, “असंच ऐकू.”

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाल्यावर अंधारातच आम्ही भैरव लावला. भैरवातले कोमल ऋषभ आणि कोमल धैवत नुसते लावून भागत नाही, त्यांना आंदोलन हवे. सतारीवर तार ओढून ते देता येते. पियानोला मात्र प्रत्येक स्वराची एकेक पट्टी, ती जागची हलत नाही. त्यामुळे सतार बोलते आणि पियानो नुसता मान डोलावतो, असे मला वाटले. पण अंगणात पणत्या असताना ती मान डोलावणीही बरी वाटली. चहा झाल्यावर बैरागी. पाचच स्वरांचा हा राग रविशंकरांनी लोकप्रिय केला. तो ट्रंपेटच्या शेजारी ऐकताना एखादा गोसावी इराण्याच्या हॉटेलात चहा पीत बसावा तसे वाटते. आणि खरा बैरागी असेल तर त्याला इराण्याचे काय वावडे?

तोडीला मात्र अण्णांचीच बाजू खरी. तोडीचा गंधार गळ्यातून उतरायला अर्धा तास लागतो. इथे तीन-चार मिनिटांत सगळा कारभार. पाटी तोडीची आहे, पण घरात बसायला जागा नाही. पिलूचे उलट. तो ठुमरीचा राग, मिसळणे हाच त्याचा स्वभाव. उन्हे कलताना तो सॅक्सोफोनशी असा मिसळला की कोण पाहुणा आणि कोण यजमान ते कळेना.

रात्री जेवणानंतर तिलककामोद, कलावती, जयजयवंती. इथे मला एक गंमत उमगली. कलावतीतले सा, ग, प आणि कोमल नी हे चार स्वर एकदम वाजवले की जॅझवाल्यांची अत्यंत लाडकी स्वरसंगती होते. प्रभाताई अत्रे यांच्या कलावतीवर वाढलेल्या आपल्या कानांना ती परकी वाटेल तरी कशी? जयजयवंतीत दोन्ही गंधार लागतात; अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूज गाण्यातही कोमल आणि शुद्ध गंधारांची अशीच लपाछपी चालते. दोन माणसे एकमेकांना न भेटता एकाच विहिरीचे पाणी पीत होती म्हणायची.

शिवरंजनीपुढे अण्णांनी ‘हे यांचे घरचे’ असे लिहिले आहे. खरेच आहे. १९६६ च्या ‘सूरज’मध्ये आणि १९७० च्या ‘मेरा नाम जोकर’मध्ये याच जोडीने शिवरंजनीला घराघरांत पोचवले. इथे कोणाला कोणाची ओळख करून द्यावी लागत नाही.

मध्यरात्री मालकंस. दादाने स्वतः सुई टेकवली. छप्पन्न वर्षांपूर्वी जिथे उचलली होती तिथेच. मालकंसाचे पाच स्वर घ्या आणि मध्यमाला षड्ज माना, की धानी होतो. आणि धानीचे पाच स्वर म्हणजेच ब्लूजचा पाया. अण्णांनी नेमकी ज्या रागावर सुई उचलली, त्याच रागात या दोन संगीतांचे नाते सर्वांत जवळचे आहे! ड्रम वाजत राहिले. सतार त्यांच्यावरून शांतपणे चालत गेली. चपला न घालता.

पाकिटावर मालकंसापुढे अण्णांनी वेळेशिवाय आणखी दोन वाक्ये लिहिली आहेत : ‘सूर चुकत नाहीत. घाई झाली.’

“ड्रमवाल्याची घाई म्हणताहेत,” मी म्हणालो.

“की स्वतःची?” दादाने विचारले.

मी काय सांगणार? अण्णांच्या पेन्सिलीला कर्ता लिहायची सवय नव्हती. बोलायला त्यांना आणखी कितीतरी दिवाळ्या मिळाल्या होत्या. दादालाही मिळाल्या होत्या. एकाने एक तबकडी आणली, दुसऱ्याने ती एकट्याने, वेळ सांभाळून ऐकली, आणि दोघेही एकमेकांना काही न सांगता एकाच घरात लाडू खात राहिले. रागाला वेळ असते हे अण्णांनी आम्हांला लहानपणीच शिकवले होते. बोलण्यालाही असते, हे त्यांना कोणी शिकवले नसावे.

“निदान आईला तरी सांगायचं,” दादा म्हणाला आणि चष्मा पुसू लागला.

शेवटी भैरवी लावली. संपली तेव्हा एकच राग ऐकायचा उरला होता, मियां मल्हार. त्याच्यापुढे अण्णांनी लिहिले होते : ‘मृग, १९७३.’ आधीचे १९७२ साल आठवते ना? मराठवाड्यात विहिरी आटल्या, माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. शाळेत मुले नव्हती आणि आभाळात ढग नव्हते. तबकडी घरात होती, बॅटरी होती, ऐकणारा होता. पण अण्णा पावसासाठी थांबले. पाऊस आला, मग त्यांनी मल्हार ऐकला.

मुलगा म्हणाला, “लावू का? तीन-चार मिनिटांचाच तर आहे.”

दादाने तबकडी पाकिटात घातली आणि पाकीट माझ्याकडे दिले.

“नको,” तो म्हणाला. “मृगात येतो मी.”