झऱ्याकाठच्या चिंध्या

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात, लिस्कॅनर गावाजवळ, सेंट ब्रिजिडच्या झऱ्याकडे एका अरुंद, ओलसर बोळातून जावं लागतं. दोन्ही भिंती जपमाळांनी, मूर्तींनी, गेलेल्या माणसांच्या फोटोंनी भरलेल्या. ओल धरून कागद फुगतात, शाई उतरते, चेहरे पुसट होतात. कुणाचं तरी लेकरू होतं ते. त्याच्यासाठी कुणीतरी इथवर आलं होतं.

असे सुमारे ३,००० झरे त्या देशात. कुठला डोळ्यांसाठी, कुठला दातांसाठी, केरीमधला एक तर वेड लागलेल्यांसाठी. संताच्या दिवशी माणसं अनवाणी यायची, सूर्याच्या चालीनं प्रदक्षिणा घालायची, मोजणी चुकू नये म्हणून दर फेरीला एक खडा टाकायची. हे पाणी चुलीवर ठेवलं तरी उकळत नाही म्हणत. झऱ्यात कुणी मळके कपडे धुतले, तर तो रुसून रातोरात दुसरीकडे निघून जातो. पाण्याला मान असतो आणि तो दुखावतो, हे मानणारी माणसं मला फार जवळची वाटतात.

१७०४च्या कायद्यानं झऱ्यावर जमणाऱ्याला दहा शिलिंग दंड लावला. भरला नाही तर फटके. लोक येतच राहिले. पुढे त्यांच्याच धर्मगुरूंनी दारू आणि मारामाऱ्यांपायी कितीतरी जत्रा मोडून काढल्या. मग १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच जहाजांनी गेली, आणि कुठल्या दगडापाशी थांबून कुठली प्रार्थना म्हणायची हे त्यांच्याबरोबरच गेलं. १९३७-३८मध्ये शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून वह्या भरल्या, म्हणून थोडं तरी हाती राहिलं.

झऱ्याकाठच्या हॉथॉर्नच्या झाडाला चिंध्या मात्र अजून बांधतात. फडकं पाण्यात भिजवायचं, दुखऱ्या जागेवरून फिरवायचं, फांदीला बांधायचं. चिंधी कुजेल तसं दुखणं सरेल. लोकर, लिनन, सूत, सगळं ऊनपावसात विरून जायचं. आता त्या फांद्यांवर नायलॉनच्या रिबिनीही दिसतात. त्या कुजत नाहीत. बांधणारीचं दुःख तितकंच खरं असतं. पण 'बाई गं, अंगावरचं सुती फाड,' एवढं सांगायला तिथे कुणी म्हातारी बसलेली नसते.